हा नव्हता

"ओळखलंत तर त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. बोलायचं काही नाही. कळलं ना, बाई?"

नायब तहसीलदार चित्रे हे दुसऱ्यांदा सांगत होते. हौसानं मान हलवली, पण पाय उचलला नाही.

पेणच्या कचेरीमागच्या लांबट खोलीत सात माणसं भिंतीला पाठ लावून उभी होती. सगळी तिशीच्या आसपासची, सगळी सावळी, सगळ्यांच्या अंगात पांढरा सदरा. त्यांतला एक आरोपी, बाकीचे बाजारातून बोलावून आणलेले. प्रत्येकाच्या डाव्या गालावर चिकटपट्टी होती. आरोपीच्या गालावर जखम होती. ती तेवढी उठून दिसू नये म्हणून चित्र्यांनी उरलेल्यांच्या धडधाकट गालांनाही पट्ट्या लावायला लावल्या होत्या. पोलिसांना त्यांनी आवाराच्या फाटकाशी थांबवलं होतं. ओळखपरेडीच्या वेळी पोलीस आसपास दिसताही कामा नये असा नियम होता, आणि चित्रे नियमाचे माणूस होते.

"घाई नाही," ते म्हणाले. "नीट बघा. नसेल तर नाही म्हणा."

हौसा पहिल्या माणसासमोर गेली. तो नव्हता. दुसरा नव्हता. तिसरा तर घाबरून हसतच होता.

तो चेहरा तिच्या डोळ्यांपुढून हलला नव्हता. तिचा नवरा कान्हू रोह्याजवळ धाटावच्या रस्त्याला एका भंगाराच्या गोदामावर वॉचमन होता. ती स्वतः अष्टमी गावातल्या पोह्यांच्या गिरणीत चाळणीवर बसायची. गिरणी सुटली की घरी येऊन भाकऱ्या भाजायच्या आणि कुंडलिका नदीचा पूल ओलांडून कान्हूचा डबा पोचवायचा, हा तिचा रोजचा नेम. संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात एका संध्याकाळी ती गेली तर फाटक उघडं होतं. ती आत वळणार तोच आतून एक माणूस धावत आला आणि तिच्यावर आदळला. डबा पडला. फाटकावरचा बल्ब नुकताच लागला होता. त्या उजेडात तो चेहरा तिच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर क्षणभर थांबला आणि मग माणूस पळाला. आत कान्हू तांब्याच्या तारांच्या वेटोळ्यांजवळ पालथा पडला होता. डोक्यात पहार बसली होती. इस्पितळात तो दोन दिवस नुसता श्वास घेत राहिला. मग तोही थांबला.

"दिसायला कसा होता?" फौजदार हैबतरावांनी जबाब घेताना विचारलं होतं.

"उभट तोंडाचा. हडकुला. गालफडं बसलेली," हौसा म्हणाली होती. "असा सांगता येत नाय मना. पन दिसला तर वलखीन."

पाचव्या माणसासमोर येण्याआधीच तिला ठाऊक होतं की आरोपी तो आहे. दोनच दिवसांपूर्वी हैबतरावांनी तिला सहीसाठी म्हणून चौकीत बोलावलं होतं आणि कोठडीसमोरच्या बाकावर बसवलं होतं. तेवढ्यात एका शिपायानं त्या माणसाला पाणी प्यायला बाहेर काढलं. हैबतराव काही बोलले नव्हते. नुसते तिच्याकडे बघत होते. तो माणूस टाचा टेकवत नव्हता. तळव्यांच्या कडांवर तोल सांभाळत तो माठापर्यंत गेला आणि तसाच परत आला. नाव जगन. राहणार निडीचा. कंपनीतल्या तांब्याच्या तारा चोरल्या म्हणून दोन वर्षं तुरुंगात काढून आलेला. कान्हूला मारलं त्या संध्याकाळी तो रोह्याच्या बाजारात दिसला होता, एवढं पोलिसांना पुरलं होतं.

आताही तो तसाच, पायांच्या कडांवर उभा होता. चेहरा सुजून गोल झाला होता. डोळ्यांच्या नुसत्या फटी राहिल्या होत्या. तो हौसाकडे बघत नव्हता, समोरच्या भिंतीकडे बघत होता.

हौसा त्याच्यासमोर थांबली. तिचा उजवा हात पदराखालून बाहेर आला. साक्षीसाठी खोलीत बसवलेले दोन्ही पंच पुढे सरकले. हात ठेवला की संपलं, तिला वाटलं. घरी जाता येईल. निलेशला सांगता येईल की तुझ्या बापाला मारणारा सापडला. कान्हूच्या नावानं कुणालातरी शिक्षा होईल. हा काय, एकदा चोरी केलेलाच माणूस आहे.

तिनं त्या सुजलेल्या तोंडात तो चेहरा शोधला. पुन्हा शोधला. मग हात खाली घेतला आणि उरलेल्या दोघांसमोरून चालत गेली.

"बाई, पुन्हा एकदा बघा," चित्रे म्हणाले. त्यांनी तिला बाहेर उभं केलं, माणसांच्या जागा बदलायला लावल्या आणि परत आत घेतलं. ती परत सगळ्यांसमोरून गेली.

"यांच्यात कोनच नाय," ती म्हणाली.

"खात्रीनं सांगता?"

"व्हय."

चित्र्यांनी तसं लिहून घेतलं, मोठ्यानं वाचून दाखवलं आणि तिची सही घेतली. रांगेतून कुणाचा तरी श्वास सुटल्याचा आवाज आला. तिनं मागे वळून पाहिलं नाही.

फाटकाशी हैबतराव आणि निलेश एकत्रच उभे होते. निलेश तिचा एकुलता एक मुलगा. धाटावच्या एका कंपनीत ठेकेदाराकडे कामाला होता. शिफ्ट बुडवून आला होता.

"ठेवला हात?" हैबतरावांनी विचारलं.

"नाय. त्यांच्यात तो नव्हता."

हैबतराव घाटावरचे, उंचेपुरे गृहस्थ. ते हळू आवाजात म्हणाले, "मावशी, तुमच्या मालकासाठी माझी माणसं घरी गेली नाहीत. दोन वर्षं आत राहून आलेला आहे तो. सज्जन नव्हे."

"सज्जन हाय असा मी कुठं म्हटला?"

"मग?"

"तो नव्हता."

"दया आली तुम्हाला. मार खाल्लेला दिसला आणि दया आली. उद्या यानंच आणखी एखाद्याच्या डोक्यात पहार घातली, म्हणजे त्या बाईला काय सांगणार तुम्ही?"

तो प्रश्न खोटा नव्हता, हे हौसाला कळत होतं. हैबतरावांनी निलेशच्या खांद्यावर थोपटलं, "आई घाबरली तुझी," असं म्हणाले आणि जीपमध्ये जाऊन बसले.

रोह्याच्या एसटीत जागा होती तरी निलेश उभाच राहिला. नागोठणं गेलं, भिसे खिंड गेली, तरी तो बसला नाही की बोलला नाही. घरी आल्यावर त्यानं दार लावून घेतलं.

"तू त्याला वलखला नाय, कारन त्याचा तोंड सुजलेला होता."

हौसा चुलीपाशी बसली होती. तिनं मान वर केली.

"तूच सांगितलास ना जबाबात, उभट तोंड, बसलेली गालफडं? मारून मारून गोल झालेल्या तोंडात तुना गालफडं कुठनं दिसनार? सूज उतरल्यावर बग त्याच्याकडं. मी बगितलाय त्याला, निडीच्या जत्रेत, मागल्या साली. काठी हाय नुसती. उभट तोंडाची काठी."

"निलेश, मी हातभर अंतरावरनं बगितलाय."

"एका बल्बात. पलता पलता. आन त्याच्यावर तू बाबाच्या खुन्याला सोडून आलीस."

भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा ती उठली. निलेश न जेवताच शिफ्टला निघून गेला.

त्या दिवसापासून तिच्या मनात शंका शिरली ती निघेना. गिरणीत चाळणीवर बसल्या बसल्या ती त्या संध्याकाळचा चेहरा आठवू पाही, आणि आठवताना कधी तो चेहरा सुजायला लागे, कधी त्याच्या गालावर चिकटपट्टी येई. आधी जो चेहरा भिंतीवरच्या तसबिरीसारखा स्वच्छ होता, तो आता तिच्या हातून निसटायला लागला. बरोबरच्या बायका विचारत, "गो हौसा, खरंच नव्हता तो?" ती म्हणे, "नव्हता." पण म्हणताना तिचा हात चाळणीवर थांबे.

निलेश घरात राहत होता, पण तिच्याशी कामापुरतं बोलत होता. शिफ्टवरून आला की नदीच्या काठाला जाऊन बसायचा. एक दिवस त्यानं खिशातून काहीतरी काढून छपराच्या वाशात खोचलेलं तिनं पाहिलं. तो गेल्यावर बघितलं तर लांब पात्याचा नवा सुरा होता. तिनं तो काढून पोह्यांच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळला आणि पुलावरून नदीत टाकला. निलेशनं विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

चैत्रात बातमी आली की जगन सुटला. त्याच्याविरुद्ध काहीच सापडलं नव्हतं. चोरीचा माल नाही, रक्ताचा कपडा नाही, पाहणारी एकटी बाई, तीही नाही म्हणते. कोर्टानं सोडून दिलं.

"पुरावा नाय म्हनून सोडला," निलेश भिंतीकडे तोंड करून म्हणाला. "त्यानं केला नाय म्हनून नाय सोडला."

त्यानंतर काही दिवसांनी, सुट्टीच्या दिवशी दुपारी हौसा अंगणात वाल वाळत घालत होती. कुंपणापाशी कुणीतरी उभं असल्याचं तिला जाणवलं. एक माणूस आणि त्याच्यामागे डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई.

"काकी," माणूस म्हणाला, "मी जगन. निडीचा."

हौसाच्या हातातलं सूप तिरपं झालं. वाल अंगणात पसरले.

"तिथंच थांब," ती म्हणाली. "म्होरं येऊ नको."

तो थांबला. बाई थांबली. निलेश घरात नव्हता. शेजारच्या घराचं दार बंद होतं. तिनं सूप खाली ठेवलं, पदर खोचला.

"उजेडात ये. त्या शेवग्याच्या सावलीतनं भाईर ये."

जगन दोन पावलं पुढे आला. तिला काय करायचंय ते त्याला लगेच समजलं असावं. त्यानं डोक्याचा रुमाल काढला, हात बाजूला सोडले आणि न सांगता आधी मान एका अंगाला वळवली, मग दुसऱ्या. पोलिसांनी अशी मान पुष्कळदा वळवून घेतलेल्या माणसाला जमतं तसं. त्याच्यामागच्या बाईनं तोंडावर पदर धरला.

सूज उतरली होती. निलेश म्हणाला होता तसाच होता तो. उभट तोंड. हडकुळा. गालफडं आत गेलेली. तिनं जबाबात सांगितलेला शब्दन् शब्द त्या चेहऱ्यावर होता.

हाच. हाच तो, आणि आपण याला सोडून आलो. कान्हूला मारणारा आपल्या अंगणात रुमाल काढून उभा आहे.

"माज्याकडं बग," ती म्हणाली.

त्यानं पाहिलं. हौसा चालत त्याच्यासमोर गेली. हातभर अंतरावर थांबली. त्याच्या कपाळावर घाम आला होता. गालावरची जखम भरून तिथं पांढरा चट्टा राहिला होता. ती बघत राहिली. फाटक, बल्ब, पडलेला डबा, सगळं तिनं परत मनात आणलं, आणि ज्या चेहऱ्याला ती इतके दिवस धरून ठेवायला धडपडत होती तो आपण होऊन, जसाच्या तसा तिच्यासमोर आला. दोन्ही चेहरे तिनं शेजारी शेजारी पाहिले. सांगण्यासारखं सगळं जुळत होतं, आणि हा माणूस तो नव्हता. दोन सख्ख्या भावांत आई जशी चुकत नाही, तशी ती चुकत नव्हती.

"नाय," ती स्वतःशीच म्हणाली. "तू नव्हतास."

तिला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. इतके दिवस मनाच्या एका कोपऱ्यात निदान एक माणूस होता, खोटा का होईना. आता तिथं कुणीच नव्हतं. ती खाली वालांतच बसली.

"पानी देऊ का, काकी?" जगनच्या बायकोनं विचारलं. तिचं नाव रंभा. हौसानं हातानंच नको म्हटलं.

"कशाला आलास?"

जगन उकिडवा बसला. बसताना त्यानं पाय जपून टेकले. "मी पेनला दत्तूशेठच्या गनपतीच्या कारखान्यात व्हतो. तुरुंगातनं सुटलो तवा मना कोन दारात उभा करीत नव्हता. दत्तूशेठनी घेतला. तीन वर्सं मी साचं भरलं. कवा कुनाची काडी उचलली नाय. आता सुटून परत गेलो, तर शेट म्हनतात, गिऱ्हाईक विचारतात. कारागीर बायका विचारतात. खुनाच्या केसमधला मानूस देवाच्या मूर्तींना हात लावनार का म्हनून." तो थांबला. "मी म्हटला, कोर्टानं सोडला. शेट म्हनतात, कोर्टाचा कोन बगतंय? त्या बाईनं इथं येऊन सोता सांगितला, तर घेतो."

"मी?"

"व्हय."

हौसाला एकदम राग आला. "माजा घरवाला मेला. मारनारा गावात फिरतोय का मुंबईत, मना ठावं नाय. पोलीस माज्याकडं बगत नायत, पोरगा बोलत नाय. आन मीच दारोदार सांगत फिरू, ह्यानं केला नाय, त्यानं केला नाय?"

"नको येऊस, काकी," रंभा म्हणाली. तिनं जगनच्या दंडाला धरलं. "उठ. चल. मी सांगितला व्हता तुना, इथं यायचा नाय."

जगन उठत होता तेवढ्यात कुंपणाचं फाटक आपटलं. निलेश होता. हातात सायकल होती. ती त्यानं तशीच सोडून दिली.

"हा इथं काय करतोय?"

कुणी उत्तर देण्याआधी त्यानं जगनची गचांडी धरली आणि त्याला शेवग्याच्या खोडावर आदळलं. जगननं हात उचलला नाही. मान आत ओढून, डोळे मिटून त्यानं दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि पाय पोटाशी घेत खाली बसला. रंभा ओरडली. निलेशनं वाशाकडे पाहिलं, तिथं काही नव्हतं. मग त्यानं कुंपणाचा दांडका उपसला.

"निलेश!"

हौसा कशी उठली, कशी मधे गेली, तिचं तिलाही कळलं नाही. दांडका तिच्या डोक्याच्या वर थांबला.

"बाजूला हो, आये."

"मी बगितला आता त्याला. सूज नाय, काय नाय, उजेडात उभा करून बगितला. तो नाय."

"हाच हाय! बग ना, उभट तोंड, तूच सांगितलास..."

"तू तिथं नव्हतास, निलेश. मी व्हते."

"मग कोन?" निलेश ओरडला. "हा नाय तर कोन? कोन ते सांग ना मना!"

त्याचा चेहरा लहानपणी ताप चढल्यावर व्हायचा तसा लाल झाला होता. "कोन ते सांग," तो पुन्हा म्हणाला, पण आता ओरडून नाही. मग त्यानं दांडका टाकला, सायकल उचलली आणि आल्या वाटेनं निघून गेला.

जगन अजून खोडाशी तसाच बसला होता. हौसानं सांडलेले वाल गोळा करायला घेतले. रंभा तिच्या शेजारी बसून वाल वेचू लागली. सूप भरल्यावर हौसा म्हणाली, "सकालची पेनची गाडी पकडू. स्टँडवर या."

दत्तूशेठचा कारखाना पेणमध्ये एका अरुंद गल्लीत होता. पुढे रंगकामाच्या बायका, मागे साचे, त्याच्याही मागे वाळत घातलेल्या मूर्तींच्या रांगा. हवेत प्लॅस्टरची पांढरी धूळ होती. शेठ साठीचे, अंगात बनियन आणि खांद्यावर पंचा. हौसाला त्यांनी स्टूल दिलं. ती बसली नाही.

"तुम्ही आलात, फार बरं केलंत," ते ओशाळून म्हणाले. "माझ्या मनात तसं काही नव्हतं हो. पण धंदा देवाचा आहे. लोक..."

"सगल्यांना बोलवा," हौसा म्हणाली.

"अं?"

"ज्यांनी ज्यांनी विचारला त्यांना. मी परत येनार नाय."

शेठनी हाक मारली. रंगकामाच्या बायका हात पुसत आल्या, मागून साचेवाले आले. जगन दाराबाहेर गल्लीतच उभा होता. हौसानं त्याला आत बोलावलं आणि आपल्या शेजारी उभं केलं. इतकी माणसं तिच्याकडे बघत होती. वाटेत एसटीत तिनं बरंच काही जुळवलं होतं, कान्हूबद्दल, त्या संध्याकाळबद्दल. त्यातलं काहीच आठवेना.

"माज्या घरवाल्याला मारला," ती म्हणाली. "मारनाऱ्याला मी बगितलाय. हा नव्हता."

हौसाचा हात वर आला आणि जगनच्या खांद्यावर टेकला. जगन एकदम आखडला. तिलाही कळलं की हे चुकीचं झालं, पेणच्या त्या खोलीत या हाताचा अर्थ उलटा होता. तिनं घाईनं हात काढून घेतला.

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" शेठ म्हणाले. "चला, कामाला लागा."

बायका पांगल्या. एकीनं जाता जाता आपला डबा जगनच्या वाटेतून उचलून आपल्या फळीवर ठेवला. जगननं ते पाहिलं. शेठनी त्याला सांगितलं, "तू सध्या मागंच काम कर. पुढं गिऱ्हाइकांत येऊ नको, थोडे दिवस." तो "हां" म्हणाला, सदरा काढून खुंटीला लावला आणि प्लॅस्टर कालवायच्या घमेल्याशी जाऊन बसला. रंभा हौसाला गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवायला आली. तिथं ती वाकून पाया पडायला लागली तशी हौसा मागे सरकली.

"नको. मी तुमच्यासाठी काय केला नाय. तो नव्हता, म्हनून नव्हता म्हटला."

"येवडाच कोन म्हनत नाय, काकी," रंभा म्हणाली.

निलेश त्या दिवशी रात्रपाळी करून थेट मित्राच्या खोलीवर गेला. पुढच्या महिन्यात त्यानं तळोज्याला काम धरलं. महिन्याकाठी येतो, आईच्या हातचं जेवतो. बापाचा विषय तो काढत नाही, ती काढत नाही. कान्हूच्या केसचं काय झालं ते विचारायला हौसा एकदा चौकीत गेली होती. हैबतरावांची बदली झाली होती. नव्या हवालदारानं तिला बसायला सांगितलं, चहा मागवला आणि म्हणाला, गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही, म्हणून तपास थांबवलाय. काही हाती लागलं तर परत उघडू. तिनं चहा पिऊन घेतला.

पण हे सगळं पुढचं. त्या दिवशी पेणला, कारखान्यातून निघून हौसा एकटीच स्टँडवर आली. ऊन चढलं होतं. रोह्याची गाडी लागली तशी गर्दी दारावर लोटली. ती शेवटी चढली. बसायला जागा नव्हती. दांडीला धरून ती उभी राहिली, तेवढ्यात मधल्या बाकावरचा एक माणूस अंग चोरून उठला.

"बसा, मावशी."

हौसानं लगेच बूड टेकलं नाही. तिनं वळून आधी त्याचा चेहरा पाहिला. कपाळ, डोळे, गाल, हनुवटी, सगळं सावकाश, एकेक करून. माणूस अवघडला. आपलं काही चुकलं का, असं त्याला वाटलं असावं.

मग ती बसली, आणि गाडी सुटेपर्यंत चढणाऱ्या प्रत्येकाकडे बघत राहिली.